तिसऱ्या घाण्यावरचे डाग

माझ्या तोंडाने माझं आयुष्यभर नुकसान केलं. एकदाच काय तो फायदा झाला, आणि तोसुद्धा आधी चांगले तीन महिने छळून.

सत्त्याऐंशी साल असावं. माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं, लग्नाला दोन वर्षं होत आलेली. घरात आम्ही चौघं. सासरे म्हणजे नाना. सासूबाईंना अख्खी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. नवरा सकाळच्या पॅसेंजरने भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात जायचा आणि घरातल्या कुठल्याही वादात 'मला मध्ये घेऊ नका' एवढंच बोलायचा. आणि चौथी मी. बी.एस्सी. केमिस्ट्री, पहिला वर्ग. त्या पदवीचा घरात उपयोग एकच, स्टोव्ह भडकला की मला हाक मारायची.

नानांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत झाली. गाड्या आल्या की मूठभर कापूस उपसायचा, उन्हात धरायचा, बोटांनी पिंजायचा आणि प्रत ठरवायची. किडका, पिवळट, डागाळलेला कापूस निघाला की त्याला कवडी म्हणतात. ढिगातली एवढीशी कवडी नाना दहा हातांवरून हेरायचे म्हणे. नोकरी संपली, नजर काही संपली नाही. मग ती घरात फिरायला लागली. भाकरीवरचा करपलेला ठिपका, पातेल्याच्या कडेला राहिलेली राख, माझ्या साडीच्या काठाचा उसवलेला टाका. ओट्यावरच्या खुर्चीत बसून माणूस सगळ्या घराची प्रत काढायचा.

तर त्या श्रावणात मला पत्र आलं. जळगावातल्याच एका कॉलेजात प्रयोगशाळेत जागा होती, मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची. मी लग्नाआधी अर्ज टाकून विसरूनही गेले होते. दिवाळीच्या सुटीनंतर रुजू व्हायचं, आणि येणार की नाही ते दिवाळीआधी लिहून कळवायचं.

नानांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बी.एस्सी. म्हणजे तुला नेमकं येतं तरी काय?"

आता यावर सुनेने खाली बघायचं असतं. मी म्हटलं, "साबण येतो करता."

का साबण? देव जाणे. शेवटच्या वर्षाला आम्ही एक प्रॅक्टिकल केलं होतं, तेवढंच आठवलं. ॲसिडचं नाव घेतलं असतं तर नानांनी घरात थारा दिला नसता.

"कर मग," नाना म्हणाले. "यंदा दिवाळीची आंघोळ तुझ्या साबणाने. एक डाग नको त्यावर. जमलं तर जा कॉलेजात. नाही जमलं तर विषय संपला."

"चालेल," मी म्हटलं. मला वाटलं, साबण तो केवढा, करून टाकू. अगं बाई, साबणाने मला रडवलं.

पहिला घाणा मी परसात घातला. एनॅमलच्या टोपात पाणी, त्यात कॉस्टिक सोडा. तो पाण्यात पडला की आपोआप तापतो, वाफा मारतो, घसा धरतो. ते थंड होईपर्यंत दुसरीकडे सरकीचं तेल आणि खोबरेल कोमट करायचं. मग दोन्ही एकत्र करून ढवळत बसायचं, पिठल्यासारखं दाटेपर्यंत. दाटलं की साच्यात ओतायचं, वर गोणपाट टाकायचं, दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि महिनाभर सुकवायच्या.

मी सगळं मांडून बसले, तेवढ्यात अक्का हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्या घरात हळद वाहिल्याशिवाय कुठलीच गोष्ट सुरू होत नव्हती. पापडांची पहिली लाटी, लोणच्याची बरणी, कुरडयांचा चीक, एवढंच काय, नवा स्टोव्ह आणला तेव्हा त्यालाही. देवीचं नाव घेऊन चिमूट टाकली की अक्कांचं चित्त थाऱ्यावर यायचं.

मी मात्र फिस्कारले. "अक्का, हे पापड नाहीत. केमिस्ट्री आहे ही. एक कण इकडचा तिकडे झाला तर सगळं वाया जाईल. तो करंडा आधी आत न्या बघू!"

अक्का पदराने करंडा झाकून आत गेल्या. मला वाटलं, बरं झालं, शास्त्राचा विजय झाला.

त्या विजयी घाण्याच्या वड्या पाडल्या तर आत पांढरे पांढरे खडे, खडीसाखरेसारखे. माझीच घाई. सोडा पुरता विरघळला नव्हता, त्याचे कण तसेच अडकून बसले होते. मी सांगेपर्यंत नानांनी एक वडी उचलून हात धुतलेदेखील. मग दुपारभर ओल्या फडक्यात हात गुंडाळून बसले होते. "हा साबण आहे का सूड?" असं तीन वेळा म्हणाले. तो सगळा घाणा मोरी घासण्यात गेला. मोरी इतकी लख्ख निघाली की शेजारीण बघायला आली.

दुसरा घाणा भाद्रपदात घातला. या वेळी सोड्याचं पाणी मी गाळून घेतलं. ढवळायला लोखंडी कालथा, साच्याला लाकडी खोकं, आत बटरपेपर. सगळं कसं निगुतीने. दुसऱ्या दिवशी सुरी घातली. वडी आतून मऊ, एकसारखी, बर्फीसारखी सुरेख कापली गेली. आणि मधे तांबडे ठिपके. कुठे मोहरीएवढे, कुठे तिळाएवढे, काहींच्या भोवती तपकिरी वलय.

नाना वाटच बघत होते. वडी उन्हात धरली, अंगठ्याने चोळली, नखाने एक ठिपका उकरला. "कवडी," म्हणाले. चेहऱ्यावर काय तो आनंद! पेन्शनीत गेल्यापासून माणूस इतका टवटवीत दिसला नव्हता.

"गंज आहे," मी म्हटलं. "लोखंडी कालथ्याचा. पुढच्या वेळी नाही येणार."

नवऱ्याने पहिल्यांदाच मत दिलं. म्हणाला, खोकं केळीवाल्याकडून आणलेलं, फळ्यांना केळीचा चीक असणार. आमच्याकडे केळीच्या चिकाचा डाग लागला की कपडा फाटतो पण डाग जात नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. मलाही पटलं. एरवी गप्प असणारा माणूस एकदा बोलला आणि नेमकं बोलला म्हणून मी त्याला गरम भजी करून घातली.

मी वही केली. पाणी कुठलं, तेल कुठलं, भांडं कुठलं, ढवळलं कशाने, कोणत्या वेळी, सगळं लिहिलं. प्रॅक्टिकलला लिहायचो तसं, रकाने आखून.

तिसरा घाणा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. दिवाळीला बरोबर महिना होता, म्हणजे साबण सुकायला जेमतेम पुरेल एवढाच वेळ. आता चूक झाली तर चौथा घाणा नाही. म्हणून मी काहीच राखलं नाही. पाणी उकळून, थंड करून, चार पदरी कापडातून गाळलं. साच्याला स्टीलचा डबा, ढवळायला नवीन लाकडी पळी. बांगड्या काढून ठेवल्या. केस बांधून वर फडकं. अक्का म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत जातेस का काय?" मी हसलेसुद्धा नाही. मिश्रण छान दाटलं. डबा घरातच राहिला होता, तो आणायला आत गेले, आले, चार वेळा पळी फिरवली आणि ओतलं.

दुसऱ्या दिवशी वड्या पाडल्या. तांबडे ठिपके, अगदी तसेच.

मी खाली बसले आणि रडले. खरंच रडले, वड्यांसमोर बसून, नाक ओढत. मला त्या नोकरीची किती आस लागली होती हे तोपर्यंत मलाच नीट कळलं नव्हतं. बर्नरचा वास, परीक्षानळ्या धुतल्याचा आवाज, 'मॅडम, माझं बघा ना' म्हणणारी पोरं. आणि ते सगळं या तिळाएवढ्या ठिपक्यांपाशी अडलं होतं.

अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या माहेरच्या शिरपूरकडच्या. आमच्याशी शहरी मराठीत बोलायच्या, पण जीव कुठे अडकला की अहिराणी तोंडात यायची. "रडू नको वं माय," म्हणाल्या. "व्हई जाई बठ्ठं. बठ्ठं बरं व्हई." सगळं बरं होईल म्हणे.

नानांनी मात्र तिसऱ्या घाण्याची प्रतच काढली. "पहिल्या वेचणीचा कापूस पांढरा असतो," म्हणाले, "ही तर फरदड, शेवटच्या वेचणीची." मग कशी कोण जाणे, दया आली असावी. किंवा आपणच जिंकलो याची खात्री झाली असावी. म्हणाले, "बरं, डाग राहू दे. डाग कशाचा आहे, तेवढं तरी शोध. वसुबारसेपर्यंत सांगितलंस, सिद्ध करून दाखवलंस, तरी जा. जिला स्वतःच्या साबणातला डाग कळत नाही, ती लोकांच्या पोरांना काय शिकवणार?"

हे बोलणं फार लागलं, कारण ते बरोबर होतं.

मग मी हात धुऊन त्या डागांच्या मागे लागले. पाणी आटवून बघितलं, खाली गंज उरतो का. नाही उरला. तेल पांढऱ्या कापडावर आठ दिवस ठेवलं, नासून तांबडं पडतं का. नाही पडलं. बटरपेपर सोड्यात बुडवला. पळी सोड्यात बुडवली. घरातली एक वस्तू मी सोड्यात बुडवायची ठेवली नाही. नवरा म्हणाला, "मला नको बुडवूस." वहीची पंधरा पानं भरली आणि उत्तराच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी एकच शब्द, 'नाही'.

वसुबारसेला आठ दिवस राहिले असताना मी परसात धुणं धूत होते. नानांच्या सदऱ्यावर वरण सांडलं होतं. पिवळा डाग. मी त्यावर साबण फासला आणि डाग भर्रकन तांबडा झाला.

आता ही गोष्ट कुठल्याही बाईला विचारा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तिला शाळेत जाण्याच्या आधीपासून ठाऊक असतं. मला तर त्याचं कारणही ठाऊक होतं. हळदीचा कागद करून आम्ही अल्कली ओळखायचो की! पहिल्या वर्गाच्या बाईने पंधरा पानं भरली आणि रोज धुण्यात दिसणारी गोष्ट तिला दिसली नाही. माझ्याइतकी शहाणी मूर्ख जिल्ह्यात सापडायची नाही.

ओल्या हातानेच उठले. तिसऱ्या घाण्याची वडी आणली, ठिपका नखाने उकरला, त्यावर लिंबू पिळलं. थोड्या वेळाने तांबडा ठिपका पिवळा झाला. पिवळाधमक, हळदीसारखा. कारण ती हळदच होती.

माझ्या डोक्यात पहिला विचार वाईट आला, खोटं कशाला बोलू. अक्कांनी मुद्दाम केलं. सुनेने घराबाहेर पडू नये म्हणून. मी दात-ओठ खात, ओली वडी हातात धरून तशीच उभी राहिले. मग हळूहळू करंडा आठवला. पदराने झाकून आत नेलेला. मी डबा आणायला आत गेले ती दोन मिनिटं आठवली, दुसऱ्या घाण्यालाही मी अशीच मधे उठले होते. पापडाच्या पहिल्या लाटीवरची चिमूट आठवली. ज्या बाईने नव्या स्टोव्हलासुद्धा हळद वाहिली, ती सुनेच्या नोकरीचं एवढं काम तसंच कसं जाऊ देईल? मी फिस्कारले म्हणून चोरून टाकली, एवढंच. कुंकू टाकलं असतं तर दिसलं असतं. हळद पिवळी, तेलही पिवळं, कोणाला कळणार, असा हिशेब केला असणार माझ्या बाईने. आणि सोड्याने तिला लाल करून सगळं चव्हाट्यावर मांडलं.

मला हसू आलं. पण ते टिकलं नाही. कारण आता उत्तर माझ्या हातात होतं आणि ते मला देता येत नव्हतं. नानांना सांगायचं म्हणजे अक्कांचं नाव घ्यायचं. नाना त्यांना सोडणार नाहीत, हे मी दोन वर्षांत पुरतं पाहिलं होतं. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं तर महिनाभर रोज जेवताना 'एकदाच घातलंय ना?' म्हणून विचारत होते, चारचौघांतसुद्धा. अक्का मान खाली घालून वाढायच्या. आता हे मिळालं असतं तर जन्माचं खाद्य झालं असतं. 'हिच्या हळदीने सुनेची नोकरी घालवली', 'हिला साबणाजवळ उभी करू नका'. आणि अक्कांना स्वतःला काय वाटलं असतं? आशीर्वाद म्हणून टाकलेली चिमूट, आणि तिनेच घात केला म्हणून.

मी वडी धुतली, लिंबाची फोड केळीच्या बुंध्याशी टाकली, आणि आठ दिवस तोंड मिटून बसले. मी! चार माणसांचं ऐकून न घेणारी बाई. ओठ दुखायला लागले.

वसुबारसेच्या दुपारी नाना ओट्यावर बसले. समोर वर्तमानपत्रावर सहा वड्या ओळीने. नवऱ्याला सुटी होती, तो दाराच्या चौकटीला टेकून उभा. अक्का आत होत्या.

"हं," नाना म्हणाले. "सांग. कशाचे डाग?"

मी म्हटलं, "नाही कळलं."

"काय?"

"नाही कळलं, नाना. शोधलं खूप. नाही सापडलं."

नानांनी माझ्याकडे बघितलं. खूश व्हायला पाहिजे होते, पण झाले नाहीत. कापसाची गाडी परत पाठवताना होत असतील तसे जरा खालीच बघत म्हणाले, "मग त्या पत्राला उत्तर लिहून टाक आजच. लोकांना ताटकळत ठेवू नये."

मी वळले तर दारात अक्का. एका हातात मसाल्याचा डबा, दुसऱ्या हातात पाण्याचं फुलपात्र, आणि कमरेला खोचलेलं लिंबू.

त्या नानांच्या समोर जमिनीवर बसल्या. डब्यातली चिमूटभर हळद घेतली, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला ठेवली, थेंबभर पाणी टाकलं. पिवळी. मग एक वडी ओली करून तिच्यावर घासली. हळद लाल झाली. मग लिंबू. दाताने साल तोडून पिळलं. लाल होतं ते पुन्हा पिवळं झालं. चौथी शिकलेली बाई. एकही पायरी चुकली नाही. कॉलेजात मी पुढे किती मुलांची प्रॅक्टिकल्स घेतली, इतक्या सफाईने कुणी करून दाखवलं नाही.

"हाई दखा," अक्का म्हणाल्या. "हयद शे. मी टाकेल शे."

नानांनी वर्तमानपत्र जवळ ओढलं.

"तिले आठ दिनपशी माहीत शे," अक्का पुढे म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "परसात असंच लिंबू पिळलं तिने. मी दारातून पाहत होते. मले वाटलं आता सांगी, मग सांगी. मन्हं नाव नको याले म्हणीसन गप बठनी, माझं नाव येऊ नये म्हणून." शहरी आणि अहिराणी दोन्ही एकत्र तोंडातून येत होत्या. "तुम्ही म्हटलं होतं ना, डाग कशाचा ते शोध, मग जा. तिने शोधलं. आता तिला जाऊ द्या."

नवरा चौकटीवरून सरळ उभा राहिला. मला वाटलं, आता नाना फुटणार. त्यांचा चेहरा लाल झालाही होता. पण ते त्या वर्तमानपत्राच्या पिवळ्या डागाकडेच बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला कोणी सांगितली होती हळद टाकायला? देवीकडे मागितलंस तरी काय असं?"

अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. "देवीले सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या, "यास्ले अक्कल दे." यास्ले म्हणजे यांना, नानांना.

तेहेतीस वर्षांच्या संसारात ती बाई नवऱ्याला उलटून एक शब्द बोलली नव्हती. माझ्या नवऱ्याने खोकल्याचं निमित्त करून घरात धूम ठोकली. मी पदर तोंडात कोंबला. मग नानांचे खांदे हलायला लागले आणि ते हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाणी सगळं हसण्याचंच होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

"जा," मला म्हणाले. "लिही उत्तर. येते म्हणावं."

मी आत जाऊन कागद-पेन घेऊन बसले. अक्का शेजारी येऊन बसल्या, हाताला हळद तशीच. मी लिहिलं की आपलं पत्र मिळालं, दिवाळीच्या सुटीनंतर मी कामावर रुजू होत आहे, आणि खाली सही केली.

"काय लिहिलंस? वाच," अक्का म्हणाल्या.

मी वाचलं.

"परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.